काळ्या कागदातलं भोक

पासष्टची लढाई संपली, भोंगे वाजायचे थांबले, आसपासच्या बिऱ्हाडांनी खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले ब्लॅकआउटचे काळे कागद ओल्या फडक्यांनी खरवडून काढले. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीवरचा कागद मात्र तसाच राहिला. तो मुद्दाम ठेवलाय का, असं कोणी विचारलं असतं तर आम्ही हो म्हटलं असतं, कारण त्या खोलीत माझे आजोबा, आप्पा, राहत आणि त्यांना खिडकीतली तिरीप सहन होत नसे. खरं म्हणजे तो काढायचा राहून गेला होता. आई गेल्यापासून आमच्या घरात पुष्कळ गोष्टी राहून जात. लोणच्याच्या बरणीचा दादरा बदलायचा राही, उशांचे अभ्रे धुवायचे राहत. दारावरची घंटा बिघडली ती बिघडलेलीच राहिली, आणि कोणी फारसं येतही नसल्यामुळे तिची कोणाला उणीव भासली नाही.

दिल्लीतलं आर. के. पुरम तेव्हा नवंकोरं होतं. सरकारी नोकरांसाठी उठवलेले पिवळे ब्लॉक, सगळे इतके एकसारखे की पहिल्या महिन्यात बाबा एकदा भलत्याच ब्लॉकमध्ये शिरून कोणा मद्रासी बाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते. ही गोष्ट आई फार रंगवून सांगायची. मागे कीकरचं, म्हणजे बाभळीचं, रान होतं. तिथे मोर ओरडत, तिन्हीसांजेला कोल्हे, आणि पालमला उतरणारी विमानं इतकी खालून जात की फळीवरच्या वाट्या थरथरत. वरच्या मजल्यावर तमिळ कुटुंब, समोर बंगाली, आणि शेजारच्या दारात नगरच्या गायकवाडकाकू. काकू ख्रिस्ती होत्या आणि जवळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होत्या. दिवाळीत आमच्याकडून त्यांच्याकडे करंज्या जायच्या आणि नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे यायच्या. आई गेल्यावर त्या एकाच बाजूने येऊ लागल्या.

बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सकाळी रेडिओवरच्या मराठी बातम्या संपल्या की डबा घेऊन बसच्या रांगेत, संध्याकाळी परत. आल्यावर चहा, मग पेपर. तो पेपर ते दोन्ही हातांनी असा उघडून धरत की खुर्चीतल्या माणसाचे फक्त गुडघे आणि बोटं दिसत. ते मला कधी रागावले नाहीत. ‘जेवलीस?’, ‘फी भरली?’, ‘दार लावून घे’, एवढं बोलत, आणि बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी असे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. घरात दोन पुरुष. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा बघत नव्हता. आरशाखेरीज आपल्याला बघणारं कोणी नाही, हे त्या वयात फार लागतं. आज हे सांगायला मला संकोच वाटत नाही, म्हातारपणाचा तेवढा एक फायदा आहे. घरातल्या कोणीतरी मला एकदा नीट, डोळे भरून बघावं, एवढंच मला तेव्हा हवं होतं. ते मागायचं कसं हे मात्र माहीत नव्हतं. ‘माझ्याकडे बघा’ असं कोणी कोणाला सांगतं का?

आईपाठोपाठ वाईला आजी गेली आणि बाबा आप्पांना दिल्लीला घेऊन आले. आप्पांनी जन्मभर वाईला संस्कृत शिकवलं होतं, त्यातही न्यायशास्त्र, ती जुनी तर्कविद्या, म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालले होते. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं त्यांना कळे, समोर माणूस उभं आहे की कपाट ते कळत नसे. एकदा त्यांनी कपाटाला ‘बस की जरा’ म्हटलं होतं आणि मग स्वतःच पोट धरून हसले होते. मला त्यांनी शेवटचं धड पाहिलं ते माझे पुढचे दोन दात पडलेले असताना. त्यांच्या मनातली कुमुद अजून तेवढीच होती. माझा आवाज आला की ते हात पुढे करत तो स्वतःच्या कमरेच्या उंचीवर, आणि मग चाचपत चाचपत वर आणत.

माझी शाळा सकाळची. दुपारी आले की आप्पांना वाढायचं. बाबांनी सकाळी भात-वरण करून ठेवलेलं असे. त्यावर मी वाईहून आलेलं मेतकूट घाले, ते संपत आलं होतं म्हणून चिमटीने. पोळ्या माझ्या. आप्पा बोटांनी पोळीची कड चाचपत आणि गंभीरपणे विचारत, “आज कोणता प्रांत?” मी म्हणे, “आसाम.” “हं. काल ओरिसा बरा साधला होता.” जेवण झालं की ते कॉटवर भिंतीला टेकून बसत आणि मला काहीतरी शिकवायला घेत. शिकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, आणि ऐकायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

“कुमे,” एका दुपारी ते म्हणाले, “तुला भिंत कशी दिसते?”

“डोळ्यांनी.”

“डोळा इथे, भिंत तिथे. दोघांची गाठ कशी पडते?”

मग त्यांनी सांगितलं, की डोळा तेजाचा घडलेला असतो, त्यातून किरण निघतो, जाऊन वस्तूला स्पर्श करतो, आणि तो स्पर्श म्हणजेच दिसणं. हाताने चाचपतो तसंच, फक्त हा हात लांबचा. मी म्हटलं, “आप्पा, डोळे उघडल्याबरोबर कीकरची फांदीही दिसते आणि चंद्रही दिसतो. चंद्र किती लांब. तिथे किरण पोचायला वेळ नको लागायला?” आप्पांचा चेहरा असा उजळला की जणू मी पहिला नंबर आणला होता. म्हणाले, “हाच प्रश्न बौद्धांनी विचारला होता. शाबास.” त्याचं उत्तरही तयार होतं. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर सगळ्या एकदमच छेदल्यासारख्या वाटतात, पण छेदल्या जातात एकीमागून एक. वेग इतका, की मधला वेळ आपल्याला कळत नाही. दिल्लीत कमळं कुठली आणणार? बाबांनी भाजीसाठी आणलेल्या पालकाची जुडी मी सुईने भोसकून पाहिली. पटलं. रात्री बाबा पालकाची भाजी खाताना पानांकडे जरा निरखून पाहत होते.

आणि मांजर. मागच्या अंगणात एक बोका यायचा, संध्याकाळी त्याचे डोळे चमकत. आप्पा म्हणत, माणसाच्या डोळ्यातलं तेज मंद, उन्हापुढे लोपतं, बोक्याचं बघ, निघताना दिसतं. ही सगळी कल्पना मला मनापासून आवडली होती. कोणी आपल्याकडे पाहिलं तर त्याच्यातलं काहीतरी निघून आपल्यापर्यंत येतं, आपल्याला लागतं. आई माझी दृष्ट काढायची, मीठमोहऱ्या ओवाळून शेगडीत टाकायची, त्याचा ठसका अजून माझ्या नाकात होता. म्हणजे आईलाही हे ठाऊक होतंच. ती गेल्यावर माझी दृष्ट कोणी काढली नव्हती. काढायची गरजही नव्हती म्हणा, दृष्ट लागायला आधी कोणी बघायला हवं.

नेमका त्याच सुमारास शाळेत प्रकाशाचा धडा आला. विज्ञानाच्या बहनजींनी विचारलं, “बताओ, हमें चीज़ें दिखती कैसे हैं?” मी कधी हात वर न करणारी, त्या दिवशी केला. म्हटलं, “बहनजी, आँख से तेज निकलता है और जाकर चीज़ को छूता है।” बहनजींनी खडू खाली ठेवला. मग अगदी मायेने म्हणाल्या, “तो बेटा, रात को बत्ती क्यों जलाती हो?” वर्ग जो हसला तो तास संपेपर्यंत हसत होता. त्या दिवसापासून माझं नाव ‘टॉर्च’ पडलं. “ए टॉर्च, ज़रा इधर देख ना, मेरी पेंसिल गिर गई है।” माझ्या बाकावर तसंही फारसं कोणी बसत नव्हतं. आता नाव पडल्यामुळे बसणं आणखीच अवघड झालं. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे बसायची आणि भिंतीकडे बघत पोळी खायची. भिंतीला तरी माझं बघणं लागत असेल, असं वाटायचं.

बहनजी मनाने चांगल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांनी मला थांबवून सांगितलं, की तुझ्यासारखं समजणारे मोठमोठे विद्वान ग्रीस देशातही होऊन गेले, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढचंही सांगितलं. झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाची गोष्ट ज्याच्याबद्दल सांगतात तो इंग्रज म्हणायचा, प्रकाश म्हणजे बारीक बारीक कण, छर्ऱ्यांसारखे सुटतात. त्याच काळात हॉलंडमधला एक म्हणायचा, छे, कण नव्हेत, तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा त्या लाटा. दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी हे सगळं पोटात साठवून घरी नेलं.

मला वाटलं होतं आप्पा चिडतील. ते तर सरसावून मांडी घालून बसले आणि म्हणाले, “एकेकाचा पक्ष नीट मांड.” मी मांडला. ते डोळे मिटून ऐकत होते; मिटले काय, उघडे काय, सवय म्हणून मिटत. मग म्हणाले, “त्या इंग्रजाला विचार, कण असतील तर दोन दिव्यांचे उजेड एकमेकांवर आपटत कसे नाहीत?” ब्लॅकआउटच्या दिवसांतले, काचेवर खाकी कागद लावलेले दोन टॉर्च घरात होते. एक त्यांनी धरला, एक मी. झोत झोतातून आरपार गेला, कोणाचं काही वाकलं नाही. “आणि त्या हॉलंडवाल्याला विचार, लाट पाण्याची असते. ही कशाची?” हे मी दुसऱ्या दिवशी बहनजींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यासाठी त्याने सगळीकडे भरलेला एक न दिसणारा सूक्ष्म पदार्थ मानला होता. आप्पांना हे सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले. “म्हणजे आमचं आकाश! आम्ही ते आवाजासाठी मानलं, त्याने उजेडासाठी नेलं. नेऊ दे.” त्या दुपारी आमच्या मागच्या खोलीत बरीच माणसं बसली आहेत असं मला वाटत होतं. संध्याकाळी बाबा आले, पेपर उघडला, आणि सगळी निघून गेली.

नाताळच्या करंज्या घेऊन गायकवाडकाकू आल्या तेव्हा त्यांनी विषय काढलाच. टॉर्चच्या उजेडात आप्पांचे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, “आप्पा, आता थांबू नका. थंडीतच ऑपरेशन करतात. होळीनंतर उन्हाळा लागला की जखमा चिघळतात, डॉक्टर हात लावत नाहीत. आणि पुढच्या थंडीपर्यंत हा जास्त पिकून आत फुटला, तर डोळा कायमचा जाईल.”

पेपराआडून बाबा म्हणाले, “वहिनी म्हणताहेत ते बरोबर आहे, आप्पा.”

“वसंता, दिवाच विझलाय,” आप्पा शांतपणे म्हणाले. “चिमणी पुसून काय होणार?”

“दिवा बिवा काही नसतो हो डोळ्यात,” काकू म्हणाल्या. “पडदा आलाय पुढे, तो काढायचा.”

“तुम्ही म्हणता म्हणून? मी जन्मभर जे शिकवलं ते असं आहे, की डोळ्यात तेज असतं. माझं संपलं. संपलेलं तेज कापून परत येत नाही. उगाच चिरून घ्यायचं, आणि वर आंधळं ते आंधळंच.” त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. हिशेब संपवून बसलेल्या माणसाचा आवाज होता तो. बाबांनी पान उलटलं. काकू माझ्याकडे बघून खांदे उडवत गेल्या. मी करंजी हातात धरून तशीच बसले. आप्पांना दिसणार नाही, म्हणजे आता मला कोणीच बघणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार मी स्वतःसाठी करत होते, हे खरं आहे. तेरा वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेला सुट्टी होती. बाहेर थंडीतलं लख्ख ऊन. आप्पा कॉटवर पडले होते, मी दार लोटून त्यांच्या खोलीत सतरंजीवर उताणी पडले होते, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. आणि आप्पांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या भिंतीवर काहीतरी हललं. निळा पट्टा होता, खाली. वरून हिरवा-करडा झुबका लोंबत होता आणि डुलत होता. मधे रंगीत तुकडे होते, ते वर-वर फडफडत होते. बराच वेळ बघितल्यावर मला एकदम कळलं: निळं म्हणजे आभाळ, हिरवं म्हणजे मागचा कडुनिंब, रंगीत म्हणजे तमिळ मामींच्या साड्या वाळत घातलेल्या, आणि हे सगळं उलटं, डोकं खाली पाय वर. मागे वळून पाहिलं. खिडकीवरचा काळा कागद वाळून एका जागी तडकला होता आणि तिथे हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक पडलं होतं.

“आप्पा,” मी म्हटलं, “भिंतीवर बाहेरचं सगळं दिसतंय. उलटं.”

आप्पा उठून बसले. “काय दिसतं तेवढं सांग. काय वाटतं ते सांगू नकोस.”

मी एकेक सांगू लागले. त्यांचा कान खिडकीकडे. तेवढ्यात भिंतीवर चाकं वर आणि टोपी खाली अशी एक सायकल शिरली. मी म्हटलं, “सायकल आली. दाराकडून कपाटाकडे चाललीय.” माझं वाक्य पुरं होतंय तोच बाहेर घंटी वाजली.

“मला घंटी कपाटाकडून दाराकडे गेलेली ऐकू आली,” आप्पा म्हणाले.

“भिंतीवर उलटी गेली. वरचं खाली, आणि या बाजूचं त्या बाजूला.”

त्यांनी हवेत बोटाने एक रेघ ओढली, मग तिला छेदणारी दुसरी. “रेघ सरळ असेल आणि भोक लहान असेल, तर असंच होणार,” ते स्वतःशी पुटपुटले. “अजून सांग.” मी सांगितलं, भाजीवाल्याची गाडी आली, त्याने तागडी काढली, आता थांबला, आता तोंडाशी हात नेला. आणि बाहेर हाळी उठली, “गोभी ले लो, मटर ले लो!” आप्पांची मान हलली. असा किती वेळ गेला कोण जाणे, मी भिंत वाचत होते आणि ते कानाने माझं वाचणं तपासत होते.

“आता भोक झाक.”

मी बोट ठेवलं. “गेलं सगळं. भिंत कोरी.”

पुढचं मला कोणी सुचवलं नाही. स्वयंपाकघरात लोण्याच्या पुडीचा तेलकट कागद होता, त्याचा तुकडा आणून मी भोकावर लावला. भिंतीवर उजेड राहिला, चित्र गेलं. “आता दूध सांडल्यासारखं झालंय, आप्पा. उजेड आहे. कोण आहे काय आहे ते कळत नाही.”

आप्पांनी हात डोळ्यांशी नेला. मग म्हणाले, “मला असंच दिसतं.”

मी कागद काढला. साड्या परत आल्या. “भिंतीत कुठे दिवा आहे, आप्पा? भिंतीने काहीच केलं नाही. भोक मोकळं असलं की झालं.”

बाहेरून विमान गेलं, फळीवरच्या वाट्या वाजल्या आणि थांबल्या. “हे मला दिसलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “अनुमान बसतं, पण त्याच्या बुडाशी तुझा शब्द आहे. फक्त तुझा.”

“मी खोटं नाही सांगत.”

“माहीत आहे. ज्याने स्वतः पाहिलं आणि पाहिलं तेवढंच सांगितलं, त्याचा शब्द आम्ही प्रमाण मानतो. माणूस लहान की मोठा ते त्यात बघत नाहीत.” त्यांनी हात पुढे केला. या खेपेला तो माझ्या कमरेशी आला नाही, सरळ खांद्यावर आला. “गायकवाडबाईंना सांग, मी तयार आहे.”

फार नंतर मला वाचायला मिळालं, की कैरोतल्या एका अरब पंडिताने जवळजवळ हजार वर्षांपूर्वी हेच अंधाऱ्या खोलीत पाहिलं होतं. म्हणतात, राजाच्या रोषातून वाचायला त्याने वेडाचं सोंग घेतलं आणि वर्षानुवर्षं घरात कोंडला गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही. भिंतीकडे इतका वेळ बघत बसायला घरात एकटंच असावं लागतं. पुढे मी फिजिक्स शिकले, दिल्लीतल्याच शाळांत तोच धडा शिकवत म्हातारी झाले, आणि दरवर्षी वर्ग अंधारा करून पोरांना ते भोक दाखवलं. पोरं ओरडत, खिदळत. मला मात्र त्या खोलीतली दुपार आठवे, एक बघणारी आणि एक ऐकणारा.

ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं नव्हतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या, कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. “प्रांत सांगू नकोस हं,” पोळीचा डबा उघडला की आप्पा ओठ न हलवता म्हणत. दुपारी मी बसायची, संध्याकाळी बाबा. बाबा ऑफिसातून तडक येत, काखेत पेपर तसाच घडी केलेला. आप्पांना दिसत नव्हतं, म्हणून ते आप्पांकडे खुशाल टक लावून बघत बसत. मी दारातून ते पाहिलं आहे. मला आप्पांचा हेवा वाटला, हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी माझाही मोतीबिंदू काढला. एका पोरसवद्या डॉक्टरने चहा निवेपर्यंत काम संपवलं, आणि मी काळा चष्मा घालून रिक्षाने एकटी घरी आले. दुसऱ्या दिवशी एक एक डोळा झाकून बघते तर काय, एका डोळ्याचं आभाळ निळं आणि दुसऱ्याचं चहाच्या रंगाचं. ही गंमत कोणाला तरी सांगायची म्हणून लेकीला व्हिडिओ कॉल केला, ती परदेशात असते. ती पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मी तिच्या. त्यामुळे दोघींचीही नजर जरा खाली, एकमेकींना भिडतच नव्हती. आप्पांनी यावर मला दुपारभर बसवलं असतं.

होळीच्या आसपास आप्पांना चष्मा मिळाला. त्याच्या काचा भिंगांसारख्या जाड, त्यामागे त्यांचा डोळा बशीएवढा दिसे. काकूंनी तो त्यांच्या कानांवर बसवला, म्हणाल्या, “सावकाश बघा, हं. आधी सगळं निळं निळं वाटेल,” आणि ड्यूटीला गेल्या. संध्याकाळ होती. पुढच्या खोलीत पश्चिमेचं ऊन आलं होतं. बाबा नेहमीच्या खुर्चीत पेपर उघडून. आप्पा आधी स्वतःचे हात बघत होते, मग भिंत, मग कपाटाला त्यांनी मान लववली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुढे जायचं धाडस होईना. इतके महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं.

“इकडे ये, कुमे. उजेडात उभी राहा.”

मी जाऊन उभी राहिले. ते बघू लागले, कपाळापासून सावकाश. मला वाटलं, म्हणतील, आईवर गेलीस. किंवा केवढी उंच झालीस. सगळे म्हणतात तसं काहीतरी.

“तुझा भांग वाकडा आहे,” ते म्हणाले. “वेण्या कोण घालतं तुझ्या?”

“मीच.”

“कधीपासून?”

मी वेणीचं टोक मुठीत धरलं. खोलीत पेपराची सळसळ थांबली होती.

“वसंता,” माझ्यावरची नजर न काढता आप्पा म्हणाले, “तुझे डोळे चांगले आहेत ना?”

“हो.”

“उजेड बाहेरून आत येतो, हे हिने मला पटवलं. मी हरलो. तुझ्याही डोळ्यांत तो रोज येत असेल.”

त्यांनी माझ्या केसांकडे बोट केलं.

“मग हा भांग आधी मला कसा दिसला?”

पेपर हळूहळू खाली आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यापलीकडे नाही, माझ्याकडे. पुढे आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की डोळ्यातून काही निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या संध्याकाळी बाबांच्या डोळ्यांतून निघालेलं मला येऊन लागलं, हात लागावा तसं, आणि मी रडायला लागले. ते उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आईची फणी होती. ती मी सगळ्या घरात शोधली होती. ते खुर्चीत बसले, मला समोर जमिनीवर बसवलं, आणि फायलींवर सह्या करणाऱ्या त्या हातांनी माझ्या वेण्या सोडायला घेतल्या.

“लागतंय?”

“नाही,” मी म्हटलं. चांगलंच लागत होतं.

“डावीकडे,” आप्पा जाड भिंगांतून पाहत सांगत होते. “अजून डावीकडे. अरे, फार झालं, मागे ये.”

भांग पहिल्यापेक्षाही वाकडा पडला. दुसऱ्या दिवशी मी तो न मोडता शाळेत गेले. मधल्या सुट्टीत टाकीजवळ एका मुलीने थांबून विचारलं, “ए टॉर्च, आज माँग किसने निकाली तेरी?”

“मेरे बाबा ने,” मी म्हटलं.